पहिल्या ओळीत प्रश्न

तिसऱ्या ओळीवर सृष्टीनं वाचणं सोडलं. एसटीच्या खिडकीशी मोबाइल तिरका धरून तिनं पोस्ट खाली सरकवली, तर मजकूर जातोय तो जातोयच. पूर्णविराम नाही, परिच्छेद नाही, मध्येच इंग्रजी अक्षरांत लिहिलेली हिंदी. लिहिणाऱ्यानं नाव घेतलं होतं ‘फौजी भाऊ’. तिनं पोस्ट नाकारली आणि ‘संचालक’ या नावानं कारण लिहिलं : ‘वाचता येईल असं लिहा. पहिल्या ओळीत प्रश्न. एका वाक्यात एकच गोष्ट. लोकांच्या वेळेची किंमत ठेवा.’

पक्षाघात झालेल्या माणसांच्या घरच्यांसाठी मोबाइलवरचा हा गट तिनंच सुरू केला होता, आई अंथरुणाला खिळली तेव्हा. आता त्यात हजारो लोक होते. इथलं वाचायला सोपं जातं, असं कुणी लिहिलं की तिला बरं वाटायचं. नोकरीच्या गावी, विश्रामबागेतल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतही ती पोस्टी तपासत बसायची.

मलकापूरला उतरून ती सुट्टीसाठी घरी आली, तेव्हा वडील ओसरीच्या पायरीवर बसले होते. आकाराम पलटणीतून हवालदार होऊन परतलेले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मोबाइल दोन्ही हातांत, जणू कुणी हिसकावून नेईल.

सृष्टीनं आत जाऊन डाळिंबांची पिशवी ठेवली. कॉटवरच्या आईचा, बनुबाईंचा, अर्धा चेहरा हसला. सृष्टीनं तिच्या अंगावरची चादर सारखी केली, गालावरून हात फिरवला आणि नेहमीसारखी थोड्याच वेळात बाहेर आली.

“काय करताय आप्पा?”

“काय न्हाई. ह्यात पूर्णविराम कुठनं काढायचा गं?”

ती हसली. “आत्ता पूर्णविराम कशाला लागला?”

“एका ठिकाणी लिवलं हुतं. तिथल्या संचालकांनी माघारी लावलं. वाचता येत न्हाई म्हणत्यात.” ते पडद्याकडंच बघत होते. “बराबर हाय त्यांचं. किती जणांचं बघाय लागत आसंल त्यास्नी.”

मोबाइल घ्यायला पुढं झालेला सृष्टीचा हात तसाच राहिला.

“दाखवा बघू.”

“वाचू नगो. नुसती खूण दाव.” त्यांनी पडद्यावर तळवा आडवा धरला.

तिनं खूण दाखवली. बोटांच्या फटीतून एकच ओळ दिसत होती : लोकांच्या वेळेची किंमत ठेवा.

स्वयंपाकघरात जाऊन तिनं दार लोटलं आणि नाकारलेली पोस्ट उघडली. या खेपेला पहिल्यापासून वाचली.

‘...मीच आंगूळ घालतो पन आजून ती डोळे मिटून भितीकडं तोंड करती नवरा आसलो म्हनून काय झालं बाईच्या जातीला लाज वाटनारच मी पन बघत न्हाई तरी रडती तुमच्यातल्या बायकांनी सांगावं काय केलं म्हंजे बरं वाटंल मुलगी हाय पन सुट्टीची येती तिला सांगावं वाटतं जीभ रेटत न्हाई ती यायची आसली की ही आदल्या दिवशी केस इचरून मागती लय खूश आसती मग त्यात हे कुठं सांगायचं...’

वाचताना कुठं थांबायला जागाच नव्हती. ओट्याची कड धरून ती शेवटापर्यंत गेली.

एवढ्यात हातातला मोबाइल थरथरला. ‘फौजी भाऊ’ची नवी पोस्ट मंजुरीसाठी आली होती.

‘प्रश्न : पक्षाघात झालेल्या पत्नीला अंघोळ घालताना ती लाजते व रडते. काय करावे? घरात दुसरे बाईमाणूस नाही.’

सृष्टीनं ती पुन्हा पुन्हा वाचली. काढायला एक चूक नव्हती. तिनं मंजूर केली.

लगेचच मेढ्याच्या एका बाईंचं उत्तर आलं : ‘दादा, मी माझ्या सासूबाईंचं सगळं केलंय. कुठं राहता? जवळपास असाल तर येऊन जाईन.’

सृष्टीनं मोबाइल डब्यांच्या फळीवर पालथा ठेवला. पदर नव्हता, तर ओढणीच कमरेला खोचली आणि न्हाणीत जाऊन बादली नळाखाली सरकवली. गरम पाणी यायला वेळ लागत होता. ती धारेखाली हात धरून उभी राहिली.

“सृष्टी,” ओसरीवरून वडिलांनी हाक मारली, “कुणी मदतीला येतो म्हणलं, तर त्याला वाईट न वाटता नगो कसं लिवायचं?”

तिनं नळ बंद केला.

“लिहा,” ती म्हणाली. मग दाराशी येऊन पुन्हा म्हणाली, “लिहा, मुलगी आलीय.”

ओसरीवर चष्म्याची काडी मिटल्याचा बारीक आवाज झाला. सृष्टीनं पुन्हा नळ सोडला.