तुंबलेल्या मोरीची अंगाई

मी एक गाणं बोलतोय. थांबा, लगेच मान डोलवायला बसू नका. मला ना धृपद, ना अंतरा. सगळा मिळून पंधरा सेकंदांचा जीव, आणि त्यातही पहिला अर्धा आणि शेवटचा अर्धा सेकंद गप्प राहायचं. जपानमध्ये टीव्हीवरच्या जाहिरातींना तशी शिस्तच असते, म्हणजे एकीचा आवाज दुसरीच्या अंगावर सांडत नाही. उरलेल्या वेळात मी मोऱ्या साफ करतो.

म्हणजे असं की, निळ्या बाटलीतलं एक औषध आहे. तुंबलेल्या मोरीत ओतलं की नळीत अडकलेले केस, साबणाचा लगदा, सगळं विरघळून जातं. मी त्या औषधाची जाहिरात. ‘तोरो-तोरो, सुरु-सुरु, पोन्!’ विरघळलं, सरकलं, मोकळं झालं, एवढाच काय तो माझा अर्थ.

माझा जन्म योकोहामातला. एका संगीतकाराने दात घासता घासता मला पहिल्यांदा गुणगुणलं. तोंडात ब्रश होता, म्हणून माझे शब्द असे गोल गोल झाले असावेत. कंपनीचे साहेब लोक मला ऐकायला ओळीने बसले तेव्हा एकाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी आशा सोडली होती. पण जाताना लिफ्टचं दार मिटता मिटता सगळ्यात मोठे साहेब स्वतःशीच ‘पोन्!’ म्हणाले आणि माझं नशीब उघडलं.

माणसांबद्दल मला भारी कुतूहल. कुणालाही विचारा, जाहिराती म्हणजे डोक्याला ताप, असंच सांगतील. आणि भांडी विसळताना, सिग्नलला थांबल्यावर, झेरॉक्सच्या मशीनसमोर उभं असताना मलाच गुणगुणतील! एकदा एका ऑफिसात आकडे वाचून दाखवता दाखवता एक गृहस्थ ‘पोन्’ म्हणून गेले. समोरच्यांनी माना खाली घातल्या आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मला कुणी बोलावत नाही, तरी मी जातो कसा, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

असाच मी फुनाबोरी नावाच्या वस्तीतल्या एका मराठी घरात शिरलो. राजीव बँकेच्या बदलीवर आलेला, घरी यायला रोज उशीर. त्याची बायको कादंबरी इथल्याच विद्यापीठात माशांच्या पेशींवर संशोधन करायची. बाळ झालं म्हणून रजेवर होती. बाळाचं नाव अद्वय. दिसायला गोंडस, पण झोपेच्या बाबतीत अगदी अवली! एका दुपारी रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. तेवढ्यात टीव्हीवर मी लागलो, आणि स्वारी गप्प. कादंबरीने मला रेकॉर्ड करून ठेवलं. तेव्हापासून मी वाजायचो, ती थोपटायची आणि तो झोपायचा.

ती स्वतः मोकळ्या गळ्याने का गात नाही, याचं मला नवल वाटायचं. पुण्याहून सासूबाईंचा फोन यायचा. “अंगाई म्हणतेस ना गं त्याला?” आणि ही बिनधास्त सांगायची, “हो आई, म्हणते की!” मग एकदा ती राजीवला बोलली तेव्हा मला कळलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये समूहगीत होतं. बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव.” त्या दिवसापासून तिने कुणासमोर सूर काढला नव्हता. इतकी शिकलेली बाई, पण एवढंसं वाक्य तिच्या गळ्यात अडकून बसलं होतं. मला फार वाईट वाटलं. असला तुंबारा काढणारं औषध काही माझ्याकडे नव्हतं.

जपानमध्ये एप्रिल आला की सगळं नवं होतं. वर्ग नवे, नोकऱ्या नव्या, जाहिरातीही नव्या. निळ्या बाटलीला दुसरं गाणं मिळालं आणि मला टीव्हीवरून काढून टाकलं. निरोप नाही, समारंभ नाही. त्याच एप्रिलमध्ये अद्वय पाळणाघरात जायला लागला.

इथल्या पाळणाघराची रीत फार छान. मुलाला एकदम दिवसभर ठेवत नाहीत. आधी तासभर, मग जेवणापर्यंत, मग दुपारच्या झोपेपर्यंत, असं हळूहळू रुळवतात. पण आईने महिन्याच्या आत कामावर रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला. अद्वय जेवणापर्यंत रुळला. झोपेशी मात्र गाडी अडली. तिथे ना टीव्ही, ना मोबाइल. तो टाहो फोडायचा, फोन जायचा, आणि तेवढ्या वेळापुरती लॅबमध्ये जायला लागलेली कादंबरी प्रयोग अर्धवट टाकून धावत यायची. लॅबमधले प्रोफेसर काही बोलत नव्हते, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटत होती. महिना संपत आला होता.

तिथल्या ओगावा सेन्सेई, म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या ‘बाई’, फार प्रेमळ. त्यांनी विचारलं, “अद्वय-कुनची मम्मी, घरी झोपताना कोणतं गाणं असतं?” कादंबरीने लाजेपोटी एक मराठी अंगाई लिहून दिली, जपानी अक्षरांत. सेन्सेईंनी ती घरी घोकली आणि दुसऱ्या दिवशी मनापासून म्हटली. अद्वयने परीक्षकासारखं त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी वरची पट्टी लावली.

“अगं, सांगून टाक ना त्यांना सरळ,” राजीव म्हणाला. “इट्स नॉट अ बिग डील.”

“काय सांगू? आमचं बाळ मोरीच्या औषधावर झोपतं म्हणून?”

“मग जागा गेली तर?”

 दुसऱ्या दिवशी झोपेच्या वेळी ती पाळणाघरात गेली आणि लाजेने कान लाल झाले तरी तिने सेन्सेईंना सांगून टाकलं. सेन्सेईंनी तोंडावर हात धरला, खूप हसल्या, आणि म्हणाल्या, “ते होय! ते तर सगळ्यांनाच येतं.” त्यांनी मला सुरू करायचा अवकाश, गाद्यांवर पहुडलेली सगळी चिमुरडी एका आवाजात ओरडली, “पोन्!” माझा तर ऊर भरून आला. टीव्हीने टाकलेला मी, इथे या एवढ्याशा तोंडांत अजून होतो.

अद्वय रडायचा थांबला. पण झोपेना. सेन्सेई अगदी सुरात गात होत्या, तरी तो टुकुटुकु बघत काहीतरी शोधत होता. काय शोधतोय, ते त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. पण गाण्याला सांगता येत नाही, त्याला फक्त गाता येतं. ते पण दुसऱ्याच्या तोंडून.

“घरी कसं करता, ते करून दाखवा ना,” सेन्सेई म्हणाल्या.

“घरी टीव्हीच गातो. मी नुसती थोपटते.”

“मग नुसतं थोपटा.”

ती गादीशेजारी बसली. पडदे ओढलेले होते. तिने थोपटायला सुरुवात केली आणि थोपटता थोपटता, तिच्याही नकळत, तिच्या गळ्यातून मी निघालो. घरी रोज असाच निघायचो, माझ्याच रेकॉर्डिंगच्या खालून. तिला वाटायचं, आपण नुसते ओठ हलवतोय. तिसरा सूर हमखास खाली उतरायचा. अद्वयला तोच हवा होता. सूर उतरला, आणि त्याच्या पापण्याही उतरल्या.

“छान गाता,” सेन्सेई कुजबुजल्या.

“मी? मी गायले?” कादंबरी चपापली. तिचे डोळे भरून आले. “पण माझा सूर चुकतो हो.”

“पुन्हा म्हणा ना. मला तसाच शिकायचाय.”

आणि त्या गुणी बाई तो चुकीचा सूर बरोब्बर जमेपर्यंत हळू आवाजात घोकत राहिल्या. कादंबरीने न लाजता पुन्हा पुन्हा म्हणून दाखवलं. संध्याकाळी तिने आपण होऊन सासूबाईंना फोन लावला आणि म्हणाली, “आई, ऐका, कसं म्हणते ते.”

आता टीव्हीवर मी नाही. संगीतकाराने ऐकलं तर तो मला ओळखेल की नाही, शंकाच आहे. पण फुनाबोरीतल्या एका खोलीत रोज दुपारी सगळी मुलं मला तिसरा सूर पाडूनच गातात, आणि खरं सांगू, मला तोच आता माझा वाटतो. कादंबरी कामावर जाते. फोन येत नाही.

तुमच्याकडे एकच मागणं. भांडी विसळताना कुणी बेसूर गुणगुणत असेल तर गुणगुणू द्या. कोण कुठे कान लावून झोपायची वाट पाहत असेल, सांगता येत नाही.

चला, माझी वेळ भरत आली. शेवटचा अर्धा सेकंद शिस्तीप्रमाणे गप्प राहायचा. पूर्वी तो मला फुकट गेल्यासारखा वाटायचा. आता तेवढ्यात अद्वय एक लांब श्वास घेतो, आणि झोपतो.