नाकोबा आणि कोटाचा वास

साठी उलटल्यावर नवरा नव्यानं आपल्या प्रेमात पडलाय, असं तिला वाटायला लागलं, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

दोघांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. मागच्या खोलीत मशीन, पुढे काउंटर, मध्ये इस्त्रीचं टेबल आणि टेबलामागे ती. मशीनमधून निघालेल्या कोटात रसायनाचा वास उरलाय का, हे नवरा हुंगून ठरवायचा. उरला असेल तर कोट पुन्हा वाळत पडायचा. तीस वर्षांत अंदाज एकदाही चुकला नाही, म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना नाकोबा नाव पाडलं. या नाकोबांच्या नाकावर माशी बसलेलीही चालत नसे, हेही सांगून टाकलेलं बरं.

तर हे नाकोबा अलीकडे प्रत्येक कोट घेऊन तिच्यापाशी यायचे, तिच्या तोंडासमोर धरायचे आणि तिच्याकडे टक लावून बघत राहायचे.

“काय बघताय एवढं?”

“काही नाही. बघतोय.”

लग्नाला पस्तीस वर्षं झालेल्या बाईनं यावर काय समजावं? तोंडानं ‘म्हातारचळ’ म्हणत ती ठेवणीतली कानातली घालून दुकानात यायला लागली.

काळजी वेगळीच होती. कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवर नाकोबांचं अक्षर पूर्वी टपोरं असायचं, आता मुंग्यांची रांग. “शाई महागलीये का?” म्हणून ती चिडवायची. मग उजवा हात कापायला लागला आणि तिचं चिडवणं थांबलं. डॉक्टरकडे चला, ते मशीन बंद करा, म्हणून तिनं वर्षभर नाकदुऱ्या काढल्या. पालथ्या घड्यावर पाणी.

“मशीन बंद करून काय माशा मारू?” नाकोबा म्हणायचे.

शेवटी एका सकाळी तिनं दुकानाची किल्ली लपवली आणि त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

बाईंनी चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, धंदा विचारला. “कंपवात दिसतोय,” त्या म्हणाल्या. “कशानं झाला हे छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. वय असतं, घराण्यातून काही येतं. पण तुमच्या धंद्यातल्या काही रसायनांवर संशय आहे. वास येतो ना नीट? पुष्कळांचं नाक हात कापायच्या कितीतरी आधी जातं.”

“माझं नाक?” नाकोबा हसले. “कुणालाही विचारा.”

बाईंनी एक छोटी बाटली उघडून दिली. नाकोबांनी ती स्वतःच्या नाकाशी जेमतेम नेली आणि सवयीनं बायकोच्या नाकाखाली धरली. तिनं नाक मुरडलं.

“उग्र आहे,” नाकोबा ठणकावून म्हणाले.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन वर्षं हा माणूस तिला बघतच नव्हता, तिचं नाक बघत होता! तिनं मुरडलं की कोट वाळत, नाही मुरडलं की गिऱ्हाइकाला. कानातली आठवून तिला आधी लाज वाटली, मग सणसणून राग आला.

“अहो, दोन वर्षं! आणि मी मेली समजत होते…” पुढचं डॉक्टरांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

“सांगितलं असतं तर नाकोबाचं काय राहिलं असतं?” ते खाली मान घालून पुटपुटले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. “म्हणजे रोज वीस-पंचवीस कोट. ओले, वासाचे. हिच्या नाकाशी मीच धरले.”

ते धडपडत उठले आणि तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

“माझं राहू द्या, बाई. आधी हिचं बघा. मशीन आजपासून बंद.”

वर्षभर विनवण्या करून जे झालं नव्हतं, ते असं एका दमात झालं. बाईंनी दुसरी बाटली उघडून तिच्यासमोर धरली.

वास लगेच आला. एरवी तिनं गंमत केली असती, काहीच येत नाही म्हणून तोंड पाडलं असतं. एवढ्या फसवणुकीला तेवढी शिक्षा रास्तच होती. पण नाकोबा श्वास रोखून उभे होते, कापणारा हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून.

“लिंबू,” ती घाईघाईनं म्हणाली. “अहो, लिंबू आहे. येतोय मला वास, चांगला येतोय.”