मनूला द्या

माझा नवरा सहा फूट दोन इंच, मुलगी पाच फूट अकरा. या दोघांच्या मधून मी बाजारात चालले की बघणाऱ्याला वाटतं, दोघांनी मिळून मला कुठे तरी पोचवायला नेलंय. लग्नात माझी मावशी म्हणाली होती, "पंखा पुसायला स्टूल लागणार नाही बघ तुला." तेवढं मात्र खरं निघालं.

नवरा म्हणजे हणमंत, लातुरातल्या आमच्या कॉलेजात क्रीडा शिक्षक. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. घरी मी त्यांना अहो म्हणते, कॉलेजात सर. इथे सरच म्हणते. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तर बरोबर एक बाई लागते. क्रीडा विभागात बाई नाही, म्हणून दरवर्षी मॅनेजर म्हणून मलाच धरून नेतात. बास्केटबॉल मला कुणी शिकवलेला नाही. पण ज्या घरात जेवताना मिठाची बरणी बचावाला आणि लोणच्याची चढाईला उभी असते, तिथे माणूस किती दिवस अडाणी राहणार?

सर स्वतः विद्यापीठाकडून खेळले ते रिंगखाली उभं राहून. त्यांच्या मते खेळ सोपा आहे. चेंडू उंच माणसाकडे द्यायचा, उंच माणूस वळतो आणि टाकतो. आमची मनस्विनी कॉलेजच्या संघात आली तेव्हापासून तर सरांचा सगळा डावपेच दोन शब्दांत मावायला लागला. मैदानाच्या कडेला उभे राहून ते ओरडायचे, "मनूला द्या!" मनूला दिला की गुण. पहिली दोन वर्षं ते चाललंही, कारण तेव्हा संघात लांबून टाकणाऱ्या दोन मुली होत्या. मनूभोवती गर्दी झाली की ती चेंडू त्यांच्याकडे काढायची. त्या दोघी पास होऊन गेल्या, आणि सरांचं मुसळ केरात गेलं. सरांना ते कळायला मात्र वेळ लागला.

यंदा संघात उरली मनू आणि बाकी सगळ्या खो-खोच्या मुली. लातुरात मैदानापेक्षा अभ्यासिकेला मान जास्त. आमच्या खो-खोच्या मैदानावर अभ्यासिका उभी राहिली, तेव्हा खो-खोची कॅप्टन गीतांजली सगळ्या जणींना घेऊन सरांपुढे आली. हिमायतनगरची पोर, वसतिगृहात राहणारी, मनूच्या खांद्याला लागेल एवढीच. म्हणाली, "सर, आम्हाला पळायला तरी द्या कुठं." सरांनी घेतलं. नाही म्हणायची सवय त्यांना फक्त घरी आहे.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. सरांचं विद्यापीठाचं मरून रंगाचं जॅकेट अजून कपाटात आहे. मनू लहानपणी ते घालून घरभर फिरायची, बाह्या फरशीला लागायच्या. आता तिला ते बरोबर येतं, पण ती हात लावत नाही. "माझं मला मिळू दे," म्हणते. गेल्या वर्षी तिचं नाव राखीव खेळाडूंत आलं, आणि राखीवला जॅकेट मिळत नाही. यंदा तिचं शेवटचं वर्ष. नांदेडला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते, तिथूनच विद्यापीठाचा संघ निवडतात, आणि निवडणारे आधी विचारतात की हिने गुण किती केले. मला यंदा एकच हवं होतं, मनूच्या अंगावर तिचं जॅकेट. संघ जिंको नाही तर न जिंको. आई आहे मी, उगाच मोठेपणा कशाला सांगू?

स्पर्धेआधी नांदेडच्याच एका कॉलेजाशी सरावाचा सामना झाला. त्या मुलींनी मनूभोवती तिघी उभ्या केल्या आणि बाकीच्यांना मोकळं सोडलं, कारण आमच्या बाकीच्या लांबून टाकत नाहीत. पण खरी शोभा झाली ती बचावात. समोरची पोरगी चेंडू घेऊन गीतांजलीला चुकवून मागे गेली की गीतांजली तिच्यामागे वळायचीच नाही. जागच्या जागी थांबायची आणि ओरडायची, "खो!" की पुढची दुसरी सुटायची. एक जण तर खो देऊन सवयीने चक्क खाली बसली. नांदेडच्या पोरी पोट धरून हसल्या. सर ओरडून ओरडून घोगरे झाले. सामना आम्ही असा हरलो की फलकाकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी गीतांजलीला मैदानावर धरलं. मी किल्ल्या द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

"ती तुझ्या मागं गेली, तर तू वळली का न्हाईस?"

"मागं वळलं की फाऊल हाय ना सर."

"खो-खोत हाय. इथं न्हाई."

"मला कळून राहिलंय सर. पायाला कोण सांगावं? चौथीपासून तेच करून राहिले."

सर हसले नाहीत. बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "खो दिल्यावर तू काय करतीस?"

"जिला दिला तिच्या जागेवर जाते. जागा रिकामी ठेवायची न्हाई."

त्या दिवसापासून आमच्या घरातल्या बरण्या जागा बदलायला लागल्या.

सरांनी मुलींच्या पायांतलं खो-खो काढायचा नाद सोडला आणि खेळच त्यांच्या पायांना बेतून शिवायला घेतला. आता समोरच्यांनी त्यांच्या रिंगखालून चेंडू उचलला की तिथूनच गीतांजली अंगावर जाणार. तिला चुकवलं तर ती वळणार नाही, खो देणार आणि सुटलेलीची जागा धरणार. दुसरीला चुकवलं तर तिसरी. मैदानभर असा पाठलाग करायचा की चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. सुटला की जी जवळ असेल तिने तिथल्या तिथे रिंगमध्ये टाकायचा. लांबून टाकायची भानगडच नाही. आणि या सगळ्यांना चुकवून एखादी आलीच, तर आपल्या रिंगखाली शेवटी कुणी तरी उंच उभं पाहिजे.

"खांब," सर ताटाच्या कडेला पाण्याचा तांब्या ठेवून म्हणाले. "मनू खांब."

मी पोळी तव्यावरच ठेवून बाहेर आले. "म्हणजे गुण होणार त्या टोकाला, आणि माझी लेक उभी राहणार या टोकाला?"

"हाव."

"मग तिचे गुण कोण करणार? तुम्ही?"

"विनीता, संघात दहा पोरी हायत."

"आणि घरात एकच आहे!"

मनू जेवत होती. तिने वर न बघता एवढंच विचारलं, "सर म्हणून सांगताय की बाबा म्हणून?"

"सर म्हणून."

"ठीक आहे सर," म्हणाली आणि ताट उचलून गेली. बाबा म्हणून काय सांगितलं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मी नवऱ्याशी बोलणं टाकलं. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करायची? पंधरवडाभर आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

नांदेडला आमच्या मुलींनी स्पर्धेत धुमाकूळ घातला. चेंडू हातात आला की समोरच्या पोरी बावरायच्या, कारण एकीला चुकवलं की दुसरी, दुसरीला चुकवलं की तिसरी, आणि "खो, खो" असा कल्ला. लोक बाहेरून ओरडायला लागले. मनू मागे एकटी उभी. पाठलागातून निसटून कुणी आलीच, तर मनू दोन्ही हात वर करायची, आणि ती पोरगी चेंडू कुठेही फेकून द्यायची. त्याचे गुण मांडत नाहीत. मी मात्र निवडणाऱ्यांकडे बघत होते. त्यांचे डोळे मैदानाच्या दुसऱ्याच टोकाला होते.

शेवटचा सामना त्याच सरावाच्या सामन्यातल्या कॉलेजाशी आला. अगदी शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि चेंडू त्यांच्या रिंगजवळच्या बाजूरेषेवरून आम्हाला मिळाला. त्यामुळे मनूलाही पुढे यायला वेळ मिळाला. ती रिंगखाली येऊन उभी राहिली. त्या जागेवरून ती झोपेतसुद्धा टाकते. गीतांजली चेंडू घेऊन रेषेबाहेर उभी होती आणि निवडणारे खुर्च्यांवरून उठले होते. या स्पर्धेत सरांनी ते दोन शब्द एकदाही उच्चारले नव्हते.

मग मीच ओरडले. "मनूला द्या!"

मॅडमचा शब्द म्हटल्यावर गीतांजलीने दिला. चेंडू मनूच्या हातात गेला आणि तिघी तिच्यावर धावल्या. मनूने उडीसाठी गुडघे वाकवले, आणि तेवढ्यात तिला गीतांजली आत शिरताना दिसली. माझ्या लेकीने, जिने जन्मात खो-खो खेळलेला नाही, चेंडू तिच्या पोटाशी सरकवला आणि केवढ्याने ओरडली, "खो!" गीतांजलीने टाकला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो.

सगळ्या जणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी बाकावर बसून राहिले. मला आनंद झाला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण आनंदापेक्षा राग मोठा होता.

निवड समितीतले व्यंकटराव सरांचे जुने ओळखीचे. ते सरांना माझ्यासमोरच म्हणाले, "पोरगी उंच हाय तुमची, पर गुण न्हाईत तिचे. तुम्ही म्हणत असाल तर बसवू कुठं तरी."

"मला इचारू नका," सर म्हणाले. "मी बाप हाय तिचा."

थोड्या वेळाने भोंग्यावरून नावं वाचली. गीतांजलीचं नाव चौथं होतं. मनूचं राखीवमध्ये. गीतांजली तिच्यापाशी येऊन रडायला लागली, तर मनूच तिची पाठ थोपटत होती.

मी सरांना शोधलं. ते पाण्याच्या टाकीमागे नळ सोडून तोंड धूत होते, आणि धुतच होते. सहा फूट दोन इंचांचा माणूस लपून लपणार कुठे? टाकीच्या वर डोकं दिसत होतं. मला बरंच काही बोलायचं होतं. जवळ गेले, त्यांचे डोळे बघितले, आणि पंधरा दिवसांनी पहिला शब्द बोलले, "चला. क्रूझरवाला थांबलाय."

परतताना ऊन उतरलं होतं. मुली लोह्यापर्यंत गात होत्या, मग दमून एकमेकींच्या अंगावर झोपल्या. अहमदपूरला चहासाठी गाडी थांबली. सगळ्या बाकड्यांवर बसल्या, मनू टोकाला. हॉटेलवाल्याने गरम भज्यांची पहिली प्लेट आणली आणि रीतीप्रमाणे सरांपुढे धरली.

सरांनी ती घेतली नाही. दिवसभराच्या घोगऱ्या आवाजात, मान खाली घालून म्हणाले, "मनूला द्या."

प्लेट एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात टोकापर्यंत पोचली. मनूने ती घेतली.

"थँक्यू, बाबा," म्हणाली आणि खायला लागली. मग ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "मिरची लई तिखट आहे."

भजी कांद्याची होती.