दहा खाल्ले?

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो, आणि माझ्या कडीला सुतळीनं एक चिठ्ठी बांधलेली आहे. चिठ्ठीवर एकच शब्द लिहिलाय: सदोष. गेली दोन वर्षं मी क्लबच्या भांडारातल्या लोखंडी कपाटात, गंजलेल्या कुलपांच्या आणि फुटक्या शिट्ट्यांच्या शेजारी पडून आहे. या शब्दाबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

मी तीस मीटर लांबीची, बोटभर रुंदीची पोलादी पट्टी. गोल चामडी डबीत गुंडाळून राहते. डबीच्या पोटावर पितळेचा छोटा दांडा आहे, तो फिरवला की मी आत जाते. कारखान्यात मला एका प्रमाण पट्टीच्या शेजारी ताणून झोपवलं, खोलीचं तापमान बरोबर वीस अंशांवर ठेवलं आणि आमच्या रेघा जुळतात की नाही हे भिंगातून पाहिलं. सगळ्या जुळल्या. मग माझ्यावर शिक्का बसला. त्या दिवशी तरी माझ्यात दोष नव्हता.

तिथून मी आले ती थेट फुटबॉलच्या मैदानावर, रेघमामांच्या हातात. मैदान आखायचं, गवत राखायचं, हे मामांचं काम. क्लबचे अध्यक्ष वयानं मोठे होते, पण तेही त्यांना मामाच म्हणत. मामा मैदान नेहमी सकाळी लवकर मोजायचे. ऊन दहा अंशांनी वाढलं की मी साडेतीन मिलिमीटर लांबते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, अनुभवानं कळलं होतं. "दुपारी ही फुगते," ते म्हणायचे. घरी मात्र भिंतीवरचं घड्याळ कायम तिरकं. मामी म्हणायच्या, "मैदानावर मिलिमीटर मोजता, आणि घरात वेळसुद्धा मान वाकडी करून बघायची का?"

माझं दुसरं टोक धरायला पंप्या असायचा. पाण्याच्या पंपाची जबाबदारी त्याच्याकडे, म्हणून तो पंप्या. पन्नाशी आली तरी मामांसाठी पंप्याच. दोघांनी मिळून मला सव्वीस वर्षं ताणलं.

नवव्या वर्षी माझ्या टोकाच्या कडीचा खिळा ढिला झाला. चुना, माती आणि पुसणं यांनी सुरुवातीचे आकडेही झिजले. दहाच्या पुढे मात्र मी लख्ख होते. मग मामांनी युक्ती काढली. पंप्यानं कडी धरायची नाही, माझी दहा सेंटिमीटरची रेघ गोलरेषेवर धरायची. इकडे मामांनी दहा जास्त वाचायचे. म्हणजे पेनल्टीच्या ठिपक्यासाठी अकरा मीटर हवे असतील तर अकरा मीटर दहा सेंटिमीटरवर खूण करायची. सुरुवातीचे दहा मोजायचेच नाहीत, ते खाऊन टाकायचे. मामा इकडून ओरडायचे, "दहा खाल्ले?" पंप्या तिकडून म्हणायचा, "खाल्ले!" मगच खूण व्हायची. कधी पंप्या चेष्टेनं म्हणायचा, "खाल्ले, पण पोट नाही भरलं." मामा म्हणायचे, "मग पुढचे अकरा मीटरही खा, आणि ठिपका तुझ्या टकलावर काढतो."

नवी पट्टी मिळावी म्हणून मामांनी तीन अर्ज केले. सचिवांनी तिन्ही वेळा एकच विचारलं: "चालतेय ना?" चालत होते. या एका शब्दामुळे मी म्हातारी झाले.

पण कौतुकही झालं, खोटं कशाला बोलू? एकदा परदेशातून आलेले पंच गुडघ्यावर बसून रेषा बघत राहिले आणि म्हणाले की या आखल्यात की छापल्यात? मामांनी नुसतं मला फडक्यानं पुसलं. त्यांचं कौतुक झालं की ते मलाच पुसायचे.

मग ते वर्ष आलं. आमच्या खंडातल्या सगळ्या देशांच्या विजेत्या क्लबांची जी स्पर्धा असते, तिचा अंतिम सामना आमच्या मैदानावर ठरला, आणि आमचाच क्लब त्यात पोहोचला. मामांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. "हा सामना झाला की माझं झालं," ते पंप्याला म्हणाले. "ह्या मैदानाला कुणी नावं ठेवायला नको, बस."

स्पर्धा समितीची माणसं दोन दिवस आधी निळी जाकिटं घालून आली. त्यांच्याकडे लेझरचं यंत्र होतं. त्यांनी एकेक रेषा तपासली आणि सगळं बरोबर म्हणून सही केली. यंत्र पेटीत बसून हॉटेलवर परत गेलं. मित्रांनो, ते यंत्र परत का गेलं? सही झाली होती म्हणून. सही झाल्यावर मैदान बदलत नाही, असा त्यांचा समज होता.

सामन्याच्या दिवशी आधी नाचगाण्याचा कार्यक्रम झाला. त्याचं व्यासपीठ ओढत बाहेर नेताना एका गोलसमोर त्याचं चाक रुतलं, आणि पेनल्टीच्या ठिपक्यासकट ताटाएवढं गवत उपटून आलं. सामन्याला पस्तीस मिनिटं होती. मामांनी धावत जाऊन नवं गवत बसवलं, दाबलं, आणि पंप्याला हाक मारली.

पंप्याला आत सोडेनात. त्याचं ओळखपत्र समितीकडून आलंच नव्हतं. तो दोरीपलीकडे सुरक्षारक्षकाशी वाद घालत राहिला. समितीचा देखरेख करणारा माणूस घड्याळाकडे बघत म्हणाला, "टोकच धरायचंय ना? मी धरतो." त्यानं मला कडीला धरलं. कुणीही धरेल तसंच. कडीवर थोडंच लिहिलं होतं की मला धरू नका?

ध्वनिवर्धकांची चाचणी चालू होती. मामा ओरडले, "दहा खाल्ले?"

त्या माणसाला वाटलं, म्हातारा जेवणाचं विचारतोय. तो म्हणाला, "खाल्लं, खाल्लं. आटपा आता."

त्या गोंगाटात मामांना ऐकू आलं ते "खाल्ले". दोन शब्दांत फरक किती? एका मात्रेचा, एका अनुस्वाराचा. त्या संध्याकाळी त्याची लांबी दहा सेंटिमीटर भरली.

एरवी मामा स्वतः चालत जाऊन पलीकडचं टोक बघून यायचे. त्या दिवशी नाही गेले. एवढी चूक त्यांची, आणि ती मी लपवणार नाही. पण कडी धरली गेलीय, हे दोरीपलीकडून एका माणसानं बघितलं होतं. पंप्यानं दोन्ही हात वर केले होते, दहाच्या दहा बोटं पसरून. रक्षकाला वाटलं, हा कुणाला तरी हात करतोय. त्यानं ते हात खाली केले, आणि पंप्यानं ते परत वर केले नाहीत.

आमचा क्लब एका गोलनं मागे होता. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली, त्याच ठिपक्यावर. मी मामांच्या मांडीवर होते. त्यांची बोटं माझ्या डबीवर घट्ट आवळलेली. कप्तानानं चेंडू मारला, तो खांबाच्या आतल्या कडेवर आदळून बाहेर आला. आम्ही हरलो.

तुम्ही म्हणाल, दहा सेंटिमीटरनं काय होतंय! मीही तशी समजूत घालून पाहिली. पण मी मोजपट्टी आहे, मला हिशेब टाळता येत नाही. चेंडू त्याच दिशेनं दहा सेंटिमीटर जवळून गेला असता, तर गोलरेषेवर तीन सेंटिमीटर आत पोहोचला असता. दोन बोटं. खांबाची आतली कडच फक्त लागली होती.

दुसऱ्या दिवशी एका वाहिनीनं चित्रावर रेघा ओढून दाखवल्या. मग ते यंत्र पेटीतून बाहेर आलं. अकरा मीटर, दहा सेंटिमीटर, दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटर माझ्या ढिल्या कडीचे.

चौकशी क्लबच्या सभागृहात झाली. मला टेबलावर ठेवलं होतं. निळ्या जाकिटातला माणूस म्हणाला की त्यानं सांगितल्याप्रमाणे टोक धरलं, पट्टीच खराब होती. मामांनी सगळं सांगितलं, दहाची रेघ, खाल्ले, खाल्लं, सगळं. अध्यक्षस्थानी बसलेल्या गृहस्थांनी चष्मा काढून विचारलं, "म्हणजे तुम्ही पट्टीला जेवू घालता?" सभागृह हसलं. मामाही जरासे हसले. आपल्याच गमतीवर सगळे हसताहेत असं त्यांना क्षणभर वाटलं असावं.

"ही पद्धत खरी असेल तर कुणाला तरी माहीत असेल," गृहस्थ म्हणाले. मामांनी पंप्याकडे बोट दाखवलं.

आदल्या दिवशी सचिवांनी पंप्याला बोलावून सांगितलं होतं की पुढे मैदान कुणाला तरी सांभाळावं लागेल. पंप्या उभा राहिला. त्याचे दोन्ही हात खिशात होते.

"मी पाण्याचा माणूस, साहेब," तो म्हणाला. "मोजमापातलं मला काही कळत नाही."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

मामांना कामावरून काढलं. मला चिठ्ठी बांधली. आणि 'खाल्ले' हा शब्द गावात सुटला. गल्लीतली पोरं विचारायची, "मामा, जेवलात का?" मोठी माणसं त्याहून वाईट. त्यांनी चौकशीची बातमी अर्धीच वाचली: रेघमामांनी दहा खाल्ले. दहा काय, ते ज्यानं त्यानं आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरवलं. सव्वीस वर्षांत ज्या माणसानं चुन्याची पिशवीसुद्धा घरी नेली नाही, तो गावाच्या तोंडी पैसे खाणारा झाला.

काही महिन्यांनी मामा भांडारात किल्ल्या जमा करायला आले. भांडारपालानं विचारलं की घरी वेळ कसा जातो? "घड्याळ सरळ केलं," मामा म्हणाले. मग त्यांनी मला एकदा बघायला मागितलं. खिशातल्या रुमालानं पुसलं. कौतुक करायला कुणी नव्हतं, तरी पुसलं. कडी टेबलाच्या कडेला टेकवली, मला हातभर बाहेर ओढलं, आणि दहाच्या रेघेवर अंगठा ठेवला. सवयीनं तोंडातून निघालं, अगदी हळू: "दहा खाल्ले?"

दारात पंप्या उभा होता. त्याच्या हातात क्लबनं घेतलेलं नवं लेझर यंत्र होतं. चौथा अर्ज करावाच लागला नाही. त्यानं ते दाराशी खाली ठेवलं. मग म्हणाला, "खाल्ले, मामा."

मामांनी दांडा फिरवून मला आत घेतलं, चिठ्ठी नीट बाहेर काढून ठेवली आणि त्याच्या बाजूनं निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "ते तिथं सांगायचं होतंस."

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, हे मी सांगणारच, कारण माझ्यासारख्या वस्तू शेवटी हेच सांगतात. खिळा ढिला झाला तर बसवा. चालतेय म्हणून चालवू नका. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. दुसऱ्या टोकाला उभं राहून कुणी तुम्हाला काही विचारलं आणि तो प्रश्न तुम्हाला कळला नाही, तर घाईनं हो म्हणू नका. आणि कळला असेल, तर वेळेवर उत्तर द्या.