साट्यालोट्याचं कपाट

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी कपाट आहे आणि स्वभावाने जरा भित्रा आहे. गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला की माझे कप्पे थरथरतात. एवढं जाडजूड कपाट, अंगावर माणसाच्या उंचीचा आरसा, आणि ते टेम्पोला भितं, म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण आधी माझी हकीगत ऐका.

माझा जन्म जुन्या जालन्यात झाला, एका अरुंद गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. कारागिरांनी पत्रा कापला, वाकवला, वेल्डिंगच्या ठिणग्या उडवल्या आणि माझ्यावर तपकिरी रंगाचा फवारा मारला. माझ्या शेजारी अगदी माझ्यासारखंच दुसरं कपाट तयार होत होतं. तोच पत्रा, तोच रंग, तसाच आरसा. ते माझं भावंडच म्हणा ना. आमची विक्रीही एकाच लग्नासाठी झाली. मला वाटलं, आता जन्मभर शेजारी उभं राहायचं. पण ते लग्न साट्यालोट्याचं होतं.

साटंलोटं म्हणजे काय, हे आजकालच्या मुलांना ठाऊक नसेल. आष्टीच्या चतुराबाईंनी आपली लेक दैवशाला अंबडकडच्या एका खेड्यात दिली, रखमाजी पाटलांच्या अंगदला. आणि रखमाजींनी आपली लेक सुरेखा आष्टीला दिली, चतुराबाईंच्या मुलाला, रामप्रसादला. लेक द्यायची आणि लेक घ्यायची. दोन्ही घरं जुन्या जमीनदारांची. पाटीलकी कधीच गेली होती, पण मिशीचा पीळ काही गेला नव्हता. एकमेकांशिवाय तिसरं तोलामोलाचं घर त्यांना दिसतच नव्हतं. मग एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली.

मला दैवशालाच्या माहेराने घेतलेलं, म्हणून मी आष्टीहून टेम्पोत बसून अंबडकडे निघालो. माझं भावंड सुरेखाच्या माहेराने घेतलेलं, ते तिकडून आष्टीकडे. दोन टेम्पो वाटेत एकमेकांसमोरून गेले! दोन्ही कपाटं सारखी, मग ज्याने त्याने आपलं आपल्याच घरी ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मग मान कुठे राहिला? एकाने दिलेलं दुसऱ्याच्या दारात उतरलं पाहिजे आणि ते चारचौघांनी बघितलं पाहिजे.

अशा सोयरिकीत नातं दुहेरी होतं. दैवशाला सुरेखाची वहिनीही आणि नणंदही. पण मित्रांनो, धाकही दुहेरी असतो. एका घरची सून सामानासकट परत गेली, की दुसऱ्या घरची लेकही परत येते. एकीकडून टेम्पो निघाला की दुसरीकडूनही निघतो. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण दोन्ही घरांतली लहान मुलंसुद्धा ते जाणून असतात.

माझी पहिली वर्षं मात्र सुखाची गेली. दैवशाला रोज फडक्याने माझा आरसा पुसायची आणि आपली टिकली त्याच्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवायची. हळदीकुंकवाला आलेल्या बाया माझं दार उघडून आत डोकावायच्या आणि म्हणायच्या, ‘केवढं मजबूत कपाट!’ रखमाजी आसपास कुणी नाही असं बघून माझ्यासमोर उभे राहायचे आणि टोपी तिरकी करून बघायचे. मग साक्षी जन्मली. उभं राहता येऊ लागल्याबरोबर ती माझ्याकडे आली आणि आरशाला नाक दाबून आपल्याच प्रतिबिंबाला हसली.

एका पावसाळ्यात अंगद विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि करंट लागून तिथेच संपला. त्या दिवशी कुणीतरी माझ्या आरशावर चादर टाकली. ती पुढे कुणी काढलीच नाही. माझ्या बिजागऱ्या करकरू लागल्या, पायाशी गंज चढला. कौतुक करायला आता कोण येणार? त्या घरात कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं.

साक्षी शाळेत जाऊ लागली, तेव्हा एक दिवस चतुराबाई आल्या. मी आतल्या खोलीत होतो, पण ओसरीवरचं सगळं मला ऐकू येत होतं.

“पाटील, माझी लेक अजून तिशीची बी न्हाई,” त्या म्हणाल्या. “परतूरचा मच्छिंद्र हाय. औषधाचं दुकान चालवतो. बायको वारली त्याची, लेकरू न्हाई. साक्षीला पोटच्या पोरीसारखी सांभाळायला तयार हाय.”

 रखमाजी म्हणाले, “इहीणबाई, सुनेला मी बिलकुल आडवत न्हाई. तिचं भलं व्हावं. पण नात न्हाई मिळायची. अंगदची येवढीच खूण ऱ्हायलीय. ती ह्या घराण्याची हाय, हितंच ऱ्हाईल.”

“पाटील, आईबिगर लेकरू...”

“आन् तुम्ही नेलीच, तर मंग आमची सुरेखा बी आम्ही घेऊन येऊ. टेम्पो घेऊन मी सोता येईन.”

माझ्या अंगावर काटा आला, म्हणजे पत्र्यावर येतो तेवढा. चतुराबाई उठून आत आल्या आणि लेकीजवळ बसल्या. आष्टीला सुरेखाची दोन लहान मुलं होती, तिचा नि रामप्रसादचा संसार रांगेला लागला होता.

“बाई, पोरीला ठेव हितं,” त्या कुजबुजल्या. “तिला काही कमी पडायचं न्हाई. भावाचा संसार मोडू नको.”

दैवशाला म्हणाली, “आई, तिला हितं ठेवून मला झोप कशी लागंल?”

 जाताना चतुराबाई एवढंच सांगून गेल्या की सामान न्यायला रामप्रसाद टेम्पो घेऊन येईल.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला आठवले तरी धडधडतं. दैवशाला साक्षीचे फ्रॉक माझ्या खालच्या कप्प्यातून काढायची, घड्या घालून पिशवीत भरायची. थोड्या वेळाने पिशवी उपडी करायची आणि सगळे फ्रॉक परत माझ्यात ठेवायची. संध्याकाळी पुन्हा तेच. साक्षी विचारायची, “आई, आपण कुठं चाललो?” ती म्हणायची, “कुठंच न्हाई गं.” सगळे साक्षीबद्दल बोलत होते, साक्षीशी मात्र कुणीच बोलत नव्हतं. आणि मी? मला आष्टीच्या माझ्या भावंडाची काळजी लागली होती. मला टेम्पोत चढवलं की त्यालाही चढवणार. दोन कपाटं पुन्हा वाटेत समोरासमोर येणार, आणि दोन घरं मोडलेली असणार.

शेवटी टेम्पो आलाच. रामप्रसाद उतरला आणि त्याच्या मागोमाग सुरेखाही. हमालांनी माझ्यावरची चादर ओढून बाजूला फेकली, मला दोर बांधला आणि ओसरीवर आणून उभं केलं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या आरशात दिसलं.

लेकीला बघून रखमाजींना धीर आला. “बरं झालं तू आलीस. समजाव तुझ्या वैनीला.”

सुरेखा बसली नाही. म्हणाली, “आण्णा, मला न्यायला तुम्ही टेम्पो घेऊन येणार हाव म्हनं?”

“मला काय हौस हाय का? साट्यालोट्यात जे एकीला, तेच दुसरीला. रीत हाय ती.”

“बराबर. मंग मला रीत सांगून ठेवा. उद्या ह्यांना काही झालं, आन् तुम्ही मला घरी आणलं, तर माझी दोन पोरं कुठं ऱ्हायची? ती तर आष्टीच्या घराण्याची.”

रामप्रसाद तिथेच उभा होता. त्याने मान खाली घातली.

“असं अभद्र बोलू नको, पोरी,” रखमाजी म्हणाले.

“वैनीवर आलंच की ते. माझ्यावर आल्यावर काय सांगताल? पोरं तिथंच सोड आन् तू ये?”

“काहीतरीच काय! तुझी पोरं तुझ्याबिगर कशी ऱ्हातील? आईपासून लेकरू तोडून कुणी...”

एवढं बोलून रखमाजी थांबले.  ते हळूच पायरीवर बसले. सुरेखाने पदराने डोळे टिपले. दाराशी दैवशाला पिशवी धरून उभी होती. पिशवी त्या वेळी भरलेली होती की रिकामी, हे मला आजही सांगता येणार नाही.

“साक्षे, इकडं ये,” रखमाजींनी हाक मारली. ती येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकली. “आईसंगं जातीस का परतूरला?”

“तुम्ही न्हाई येणार, आबा?”

“मी न्हाई. मी हितंच हाय.” त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. “सुट्टी लागली की जल्दी निघून ये. मी वाट बघून ऱ्हाईन.”

मग ते हमालांकडे वळले. “दोर सोडा. कपाट ऱ्हाऊ द्या हितंच. पोरगी सुट्टीला आल्यावर तिचे कपडे कुठं ठेवायचे?”

टेम्पो जवळजवळ रिकामाच गेला. आष्टीकडचं माझं भावंडही जागचं हललं नाही. परतूरला चार माणसांत साधंसं लग्न लागलं. आता मी निश्चिंत झालो असेन, असं तुम्हाला वाटेल. छे! मला नवीनच घोर लागला. साक्षी येईल का? नव्या घरात रमली तर आबांना विसरणार नाही ना? मच्छिंद्र तिला या घरी पाठवेल का? रखमाजींनाही तोच घोर असावा. बोलत नसत, पण त्यांनी माझ्या बिजागऱ्यांत तेल सोडलं, गंज घासून काढला आणि आरसा लख्ख केला. खालच्या कप्प्यात कुणी चुकून काही ठेवलं तर लगेच उचलून बाहेर काढत.

दिवाळीची सुट्टी लागली, आणि एका सकाळी साक्षी धावतच आत आली. आरशासमोर उभी राहिली. ती चांगलीच उंच झाली होती. तिच्यामागे दैवशाला होती आणि तिच्याही मागे, उंबऱ्याबाहेर अवघडून उभा असलेला एक माणूस. तो मच्छिंद्र. आत यावं की बाहेरूनच नमस्कार करून परतावं, हे त्याला कळत नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे कचरू डोकावले. “पाटील, पाव्हणे कोण म्हनायचे?”

 दैवशालाने पदर घट्ट धरला. मीही श्वास रोखला. सुनेच्या नवऱ्याला काय म्हणायचं? सोयरेसंबंधांची एवढी नावं आपल्या भाषेत आहेत, पण या नात्याला नाव नाही.

रखमाजींनी टोपी सारखी केली. उंबऱ्यापर्यंत जाऊन त्यांनी मच्छिंद्रचा हात धरला.

“जावई हायत आमचे,” ते म्हणाले. “या, बसा.”

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं कपाट असेल. त्याच्या बिजागऱ्यांत वर्षातून एकदा तेल सोडा, त्याचा आरसा पुसा. आणि घरातलं कुणी दूर राहायला गेलं असेल, तर त्याचा एक कप्पा रिकामा ठेवा. तिथे दुसरं काही कोंबू नका.