नऊ तासांचं विमान, चौदा तासांचा प्रवास

आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेल्या काकांना सगळे टेपकाका म्हणत. खिशात रुमाल नसेल, पण मोजपट्टी असायचीच. त्यामुळे काकू लेकीकडे पहिल्यांदाच एकट्या विमानाने निघाल्या आणि "चौदा तास लागतात" म्हणाल्या, तेव्हा काका ते मुकाट्याने मानतील ही आशाच नव्हती.

काकांनी कपाटावरून पृथ्वीगोल काढला, लोकरीचा धागा या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत लावला, गुणाकार केला आणि जाहीर केलं, "नऊ तास. फार तर सव्वानऊ."

"लोकर ताणली जाते," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

काकांनी शिवणाचा दोरा लावला. उत्तर नऊच.

"तिकिटावर काय वेळ आहे?" काकांनी विचारलं.

"ती तिथल्या घड्याळाची. ते घड्याळ उन्हाळ्यात बदलतं म्हणे. लेकीला विचारा."

लेकीने घड्याळाचा आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याचा असा काही गुंता केला, की काकांनी फोन ठेवला आणि चपला घालून तिकीटवाल्याकडे निघाले. ते जिना उतरेपर्यंत काकूंचा तिकीटवाल्याला फोन गेला होता.

"चौदाच, काका," तो गंभीरपणे म्हणाला. "वळसा घालून जातं."

"वळसा? मीटर टाकून फिरवतात की काय?"

खरी गोष्ट अशी, की काकूंना पाच तास हवे होते. लग्न झाल्यापासून त्या कोपऱ्यावर गेल्या तरी काका विचारायचे, निघालीस का, पोचलीस का, किती वेळ लागेल. यावेळी विमानातून उतरून थेट समुद्रावर जायचं आणि फोन बंद ठेवायचा, असं मायलेकींचं ठरलं होतं.

विमान सुटून साडेअकरा तास झाले, तसा काकांना राहवेना. लेकीचा फोन बंद. मग जावयाला लावला. या कटात त्याला घ्यायचं दोघी विसरल्या होत्या.

"आई केव्हाच उतरल्या, बाबा. समुद्रावर गेल्यात. फोन बंद करायच्या आधी हिने फोटो धाडलाय, पाठवू?"

फोटोत काकू कपडे वर खोचून पाण्यात उभ्या होत्या. एका हातात चपला, दुसऱ्यात वितळणारं आइस्क्रीम, आणि तोंड उघडं टाकून हसत होत्या. काकांना आधी राग आला. मग त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. अशी हसताना ती आपल्याला शेवटची कधी दिसली, ते काही त्यांना आठवेना.

जावयाला त्यांनी सांगितलं, "मी फोन केला होता हे बोलू नकोस." आणि वेळ जाईना म्हणून मोजपट्टीने गॅलरी मोजून काढली.

ठरल्या वेळी काकूंचा फोन आला. "आत्ताच उतरले. दमले बाई. वारा फार होता."

"समुद्रावर असायचाच," काका म्हणाले.

पलीकडून लेकीचं दबलेलं हसू ऐकू आलं.

"कळलं होतं तर गप्प कसे बसलात?" काकूंनी विचारलं.

"मग काय करणार? तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर दर अर्ध्या तासाने विचारलं असतंत, पाच तास संपले का म्हणून."

काकांनी विचारलं, "पाणी किती खोल होतं?"

"गुडघ्यापर्यंत."

"कुणाच्या?"