बावखलाला पुन्हा आभाळ दिसलं

मी भुईगावच्या एका वाडीतलं बावखल बोलतोय. विहिरीहून उथळ, तळ्याहून लहान असं हातानं खणलेलं पाण्याचं खोलगट डबकं म्हणा हवं तर. वाडीचा आताचा मालक स्टॅनी, त्याच्या आजोबांनी शेजाऱ्यांना हाताशी घेऊन मला खणलं. पावसाचं गोडं पाणी पोटात साठवायचं आणि उन्हाळाभर केळी-मोगऱ्याला पुरवायचं, हेच माझं आयुष्य.

एके दिवशी स्टॅनीची बायको मर्सी कुणाकडून तरी एक रोप घेऊन आली. फुगीर देठ, जांभळट फुलं. कौतुकानं तिनं ते माझ्यात सोडलं. मलाही ते पाहुणं आवडलं. ती जलपर्णी होती.

वर्षभरात ती माझ्यावर इतकी पसरली की मला आभाळ दिसेनासं झालं. मासे गुदमरले, डास माजले. माझ्या पाण्यावर अबोली फुलवणाऱ्या शेजारच्या धोंडूबाईंची कळशीही यायची थांबली. स्टॅनी चिडून कोयत्यानं जलपर्णी सपासप तोडायचा आणि तुकडे काठावरच टाकायचा. पाणी चढलं की तेच तुकडे आत यायचे आणि जोमानं फुटायचे.

शेवटी तो म्हणाला, "मर्सी, बुजवून टाकूया. डेब्रिजचा राडारोडा आणणाऱ्या ट्रकवाल्याशी बोललोय. गाडी लावायला जागा तरी होईल."

माझा तळ गार पडला.

"मी आणलंय, मी काढते," मर्सी म्हणाली. "ट्रक ईस्टरनंतर बोलव."

"आणि नाही निघालं तर?"

"मग बुजव. मी अडवणार नाही."

तिनं लगेच हात घातला नाही. आधी दोन बादल्या भरल्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत मोरीचं. दोन्हींत एकेक रोप सोडलं. नळाच्या पाण्यातलं जेमतेम तगलं, मोरीतलं बादलीबाहेर आलं.

"स्टॅनी, हिला आपणच जेवायला घालतोय," ती म्हणाली. "मोरीचा पाइप बावखलात सुटतो ना?"

दुपारीच स्टॅनीनं पाइप केळीकडे वळवला.

मग माझ्यावर आडवा बांबू तरंगत बांधला, साफ केलेल्या भागात जलपर्णी परत सरकू नये म्हणून. धोंडूबाई लांब दात्यांचं दाताळं घेऊन आल्या.

"तोडू नको गं, मुळासकट ओढ," त्या म्हणाल्या. "पानी दिसलं की मी कळशी घेऊन येनार."

फुलावर आलेली रोपं पहिली निघाली, बी पडायच्या आत. सगळा ढीग माझ्यापासून लांब, खळ्यात कडकडीत वाळवला आणि केळीच्या बुडाशी पसरला. मर्सीचे हात सोलवटले, पाठ धरली. बांबू मात्र रोज पुढे सरकत राहिला.

ईस्टर झाला. ट्रक फाटकाशी येऊन उभा राहिला. स्टॅनी काठावर आला. माझ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

"परत ने," तो ड्रायव्हरला म्हणाला. "इथे पाणी आहे."

धोंडूबाईंनी त्याच्यासमोरच कळशी बुडवली. बुडबुड असा आवाज झाला. तसा आवाज माझ्यातून कितीतरी काळानं निघाला होता.

चिखलातलं जुनं बी अजूनही कधीमधी रुजतं. रविवारी चर्चहून आल्यावर मर्सी काठानं फेरी मारते आणि कोवळं रोप दिसलं की तिथेच उपटते. आता ती त्याला घाबरत नाही.

तुमच्या अंगणातही एखादं तण हातपाय पसरत असेल तर रागानं तोडत सुटू नका. ते कशावर जगतं ते आधी बघा, मग मुळासकट काढा, आणि काढल्यावरही नजर ठेवा. भुईगावला आलात तर माझ्या काठावर जरूर बसा, पाय पाण्यात सोडा. आता इथे खंड्याही मासे टिपायला येतो, आणि त्याचा सूर कधी फुकट जात नाही.